हल्लीची पोरं आणि गावाचं काम

अमेरिकेच्या खेड्यांत आग लागली की बहुतेक ठिकाणी गावातलेच लोक धावतात, पगाराशिवाय. १९८४ मध्ये असे स्वयंसेवक जवळपास नऊ लाख होते, २०२० मध्ये पावणेसात लाखांच्या आसपास. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: हल्लीच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही. ओमानच्या गावांत फलजबद्दलही तक्रारीचा हाच सूर लागतो.

फलज म्हणजे उताराच्या जोरावर गावात पाणी आणणारा पाट. पाणी पाळीने वाटायचं, हिशोब वकिलाने बघायचा (हा कोर्टातला वकील नव्हे, फलजचा कारभारी). असे सुमारे तीन हजार फलज चालू आहेत. त्यातले पाच २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेले. युनेस्कोच्या वर्णनात परस्परांवर विसंबणारं, सामुदायिक मूल्यांचं गाव दिसतं. खोटं नाहीये ते. पण अर्धं आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी जोखा अल-हार्थी यांची ‘सेलेस्टियल बॉडीज’ वाचा. २०१९ चं मॅन बुकर इंटरनॅशनल मिळालेली कादंबरी, इंग्रजी अनुवाद मेरिलिन बूथ यांचा. काळ इतका मागेपुढे उड्या मारतो की सुरुवातीची वंशावळ सारखी उघडावी लागते. वैताग येतो, खरं सांगायचं तर. पण त्यामुळेच ‘आधीची चांगली पिढी, नंतरची बिघडलेली’ अशी सरळ रेघ तिथे ओढता येत नाही.

व्यापारी सुलेमानच्या घरात जरीफा गुलाम म्हणून राबते. तिचा मुलगा संजर कुवेतला निघून जातो. इकडे मरणाला टेकलेला सुलेमान भ्रमात ओरडतोय, संजरला खांबाला बांधा, कांदे चोरतो तो! ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १९७० साली, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या हयातीत. आता सांगा, संजर ‘गावाला विसरला’ असं कोण म्हणेल? सुलेमानच ना?

मराठी माणसाला हे परकं वाटायला नको. महार वतनाची कामं ‘गावकी’च म्हणवली जायची. आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्याविरुद्ध विधेयक मांडलं, कनिष्ठ वतनं रद्द व्हायला १९५८ उजाडलं. मधल्या काळात जे मुंबईच्या गिरण्यांत गेले, त्यांच्यावरही गाव रुसलंच असेल.

सगळेच संजर नव्हते, हे मान्य. तेलानंतर नोकऱ्या मस्कतला गेल्या, पाण्यात हिस्सा असलेली घरंही तिकडे गेली; आता खजुराच्या बागांत राबणारे बरेचसे हात भारत-बांगलादेशातून आलेले असतात. पण म्हणून पोरं निष्काळजी? ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन वादळाने बातिनाच्या किनाऱ्यावर चिखल भरला, तेव्हा दूरदूरच्या विलायतींतून तरुण फावडी घेऊन आले आणि अनोळखी लोकांची घरं उपसून गेले. तो चिखल काढायला त्यांना कुणी वतन दिलं नव्हतं.