‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ : व्यापार आणि भूमिसंपादन

ऐतिहासिक व्यूहरचनेच्या संगणकीय खेळांत स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ या खेळाचे स्थान महत्त्वाचे आहे. १४४४ ते १८२१ हा त्याचा कालपट होय. एखाद्या राज्याची सूत्रे हाती घ्यावयाची आणि व्यापार, तह व युद्ध या साधनांनी ते वाढवावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. काय शक्य व काय अशक्य हे नियमांनी ठरविले जात असल्याने असा खेळ हे इतिहासाचे एक निरूपणच ठरते. आणि त्याचे परीक्षणही नियमांच्याच अंगाने करणे उचित होय.

भूमिसंपादनाच्या बाबतीत या खेळाची दृष्टी प्रौढ आहे. सबळ कारणावाचून युद्ध पुकारल्यास राज्याचे स्थैर्य ढळते; जिंकलेला प्रांत आत्मसात करण्यास प्रशासनशक्ती खर्ची पडते; अतिविस्ताराने बंडे माजतात आणि धास्तावलेली राज्ये एकवटतात. प्रांत विकताही येतो. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६२ मध्ये डंकर्क फ्रान्सला विकले, हे ध्यानी घेता ही तरतूद निराधार नाही. २०१८ च्या ‘धर्म’ या पुरवणीत तर युरोपीय सत्तांना व्यापारी कंपनीसाठी स्थानिक राज्याकडून प्रांत विकत घेण्याची सोय झाली आहे.

तथापि या सर्व व्यवहारांत प्रांताचा धनी एका वेळी एकच असतो. १७१९ साली दख्खनच्या सहा सुभ्यांतील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा छत्रपती शाहूंना मिळाल्या, तेव्हा सार्वभौमत्व बादशहाचे, वसुलात वाटा मराठ्यांचा आणि गावोगावी वतने वतनदारांची, अशी व्यवस्था होती. या त्रिविध हक्काला खेळाच्या नकाशावर रंग नाही.

व्यापाराचे नियम याहून अधिक विचारणीय आहेत. जगाची विभागणी व्यापारकेंद्रांत केली असून मालाचे मूल्य एका केंद्रातून दुसऱ्यात ठराविक दिशेनेच वाहते. आशियातील मूल्य पश्चिमेकडे जाते आणि प्रवाहाचा शेवट इंग्लिश खाडी, जिनोवा व व्हेनिस या तीन केंद्रांत होतो. खेळाडूला प्रवाह अडविता येतो, फाट्यावर वळविता येतो. उलटविता मात्र येत नाही. म्हणजे युरोपचा जो उत्कर्ष पुढे घडावयाचा, तो १४४४ मध्येच गृहीत धरला जातो.

वस्तुतः माल पश्चिमेकडे जात असता चांदी पूर्वेकडे येत होती. इंग्रज कंपनीच्या निर्यातीत अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोन्याचांदीचाच भरणा मोठा असे. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी हाती आल्यावर ही स्थिती पालटली. बंगालच्याच वसुलातून बंगालचा माल खरीदला जाऊ लागला. व्यापार व भूमिसंपादन यांची खरी गाठ येथे पडते. खेळात मात्र उत्पादनाबरोबर मूल्य आपोआप उपजते. त्याची किंमत कोणी व कशाने चुकती केली, हा प्रश्नच उद्भवत नाही. परिणामी राज्यविस्तार हा उत्पन्नवाढीचा एक उपाय एवढाच उरतो, आणि दिवाणीचा अर्थ निसटतो.

राज्य मिळविणे सोपे, पचविणे कठीण, हा धडा या खेळाने उत्तम रीतीने दिला आहे. परंतु संपत्ती कोणाच्या घरातून गेली याचा हिशेब त्याच्या वहीत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने तो स्वतः मांडावयास हवा.