दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत

खोडाळा-मोखाडा भागात बोहाड्याचं रेकॉर्डिंग करायला निघताना लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवली, 'रेड' सुरू केलं, की जरा हायसं वाटतं. एक गेली तरी दुसरी आहेच ना! हा भरवसा नेमका कशावर उभा आहे, ते बघायला मूळ पेपर वाचा: पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ, १९८८.

त्यांचा प्रश्न साधा होता. एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जोडल्या तर? वेग वाढतो हे सांगून ते थांबत नाहीत. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर १०० डिस्कपैकी पहिली बंद पडायला सरासरी ३०० तास लागतात, म्हणजे दोन आठवडेही नाहीत. म्हणून जादा डिस्क, म्हणून पाच पातळ्या. आपल्या कल्पनेवरचा सर्वात मोठा आक्षेप आपणच आकड्यासकट मांडणं, हे त्यांच्याकडून शिकावं.

पण गणिताखालचं गृहीतक बघा: प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे बिघडते. लॅपटॉपमध्ये दोघी एकाच मदरबोर्डवर, एकाच पिशवीत. जुलैत मुलाखतींसाठी कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याला जाताना पाऊस एकीला भिजवून दुसरीला सोडत नाही. चोरही एकच डिस्क काढून नेत नाही. आणि फाइल तुम्हीच चुकून डिलीट केलीत, तर 'रेड १' ती दोन्हीकडून इमानदारीने पुसतं.

'रेड ०' तर त्या पाचांत नव्हतंच, ते नाव नंतर आलं. त्यात फाइलचे तुकडे दोन्ही डिस्कवर वाटले जातात. एक गेली की सगळंच गेलं. वर्षभरात एक डिस्क जाण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर दोघींपैकी निदान एक जाण्याची ९.७५ टक्के होते. वेगाची ही किंमत.

मग दुसरी डिस्क काढायची का? नाही. ती 'रेड'मध्ये न जोडता वेगळी ठेवा, रोज संध्याकाळी तिच्यावर कॉपी करा. तिसरी, बाहेरची डिस्क सहकाऱ्याच्या पिशवीत. रेंज मिळाली की एक प्रत विभागाच्या सर्व्हरवर. बोहाडा पुढच्या वर्षी पुन्हा होईल. यंदा सोंगांचा अर्थ सांगणारे आजोबा तेव्हा असतीलच असं नाही.

पेपर वाचताना निष्कर्षाआधी गृहीतकाखाली रेघ मारा. मग स्वतःला विचारा: मी जिथे काम करतो, तिथे हे खरं आहे का?