७१ टक्के आले कुठून?

ब्रिटनमधल्या संगीत क्षेत्रातल्या लोकांना नैराश्य सामान्य माणसाच्या तिप्पट प्रमाणात येतं, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. कलाक्षेत्रातला रोजगार किंवा मानसिक आरोग्य यावर प्रपोजल लिहिणारे ते अगदी पहिल्या पानावर घालतात. तुम्हीही घालणार असाल, तर आधी मूळ अहवाल उघडा.

अहवालाचं नाव 'कॅन म्युझिक मेक यू सिक?', साल २०१६, संशोधक सॅली ॲन ग्रॉस आणि जॉर्ज मस्ग्रेव्ह. पैसे दिले 'हेल्प म्युझिशियन्स यूके' या धर्मादाय संस्थेने. जर्व्हेस एल्विस हा गायक १९२१ मध्ये अपघातात गेला, त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या निधीतून ही संस्था वाढली. आजारपण, दुखापत, अचानक काम थांबणं, अशा वेळी गायक-वादकांना आर्थिक मदत करणं हे तिचं मूळ काम. म्हणजे जी संस्था गरजूंना पैसे देते, तिनेच गरज किती आहे हे मोजायला पैसे दिले. यात लगेच काळंबेरं शोधू नका. मदत करणाऱ्यालाच तर हे माहीत असायला हवं! पण वाचताना ही गोष्ट डोक्यात ठेवावी लागते.

आता आकडे. २,२११ जणांनी प्रश्नावली भरली. गायक-वादकांबरोबर लाइव्ह क्रू आणि मॅनेजमेंटमधली माणसंही त्यात होती, हे मला आवडलं. पडद्यामागचे लोक एरवी अशा पाहण्यांत दिसतच नाहीत. ७१.१ टक्के लोकांनी सांगितलं की आपल्याला चिंतेचे किंवा पॅनिकचे झटके आले आहेत, ६८.५ टक्क्यांनी नैराश्याबद्दल तसंच सांगितलं. याच्या शेजारी ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा आकडा ठेवला आहे: १६ वर्षांवरच्या साधारण पाचातल्या एकात चिंता किंवा नैराश्याची लक्षणं. भागाकार केला की 'तिप्पट' मिळतं.

इथे थांबा आणि दोन्ही बाजूंना प्रश्न काय विचारला होता ते बघा. एका बाजूला 'असा अनुभव आला आहे का', म्हणजे आयुष्यात कधीही. दुसऱ्या बाजूची प्रश्नावली अलीकडच्या काही आठवड्यांबद्दल विचारते. तुमच्या वर्गात 'कधी ताप आला होता का' विचारलंत आणि शेजारच्या वर्गात 'आत्ता ताप आहे का' विचारलंत, तर तुमचा वर्ग आजारीच निघणार ना? शिवाय हे २,२११ लोक यादृच्छिक निवडीने आलेले नाहीत. विषय मानसिक आरोग्याचा आहे हे कळल्यावर ज्याला त्याबद्दल काही सांगायचंय तो फॉर्म पूर्ण भरतो, बाकीचे टॅब बंद करतात. दोष सगळा लेखकांचा नाही. त्यांनी ही पाहणी पायलट असल्याचं म्हटलंय, आणि तिपटीबद्दल 'असू शकतं' इतकंच लिहिलंय. बातम्यांच्या मथळ्यांत ते 'असू शकतं' गळून पडलं, आणि मग आपल्यासारख्यांच्या प्रपोजलमध्ये ठाम विधान होऊन बसलं.

हाच विषय २०२३ च्या 'म्युझिशियन्स सेन्सस'मध्ये बघा. याच संस्थेने म्युझिशियन्स युनियनबरोबर जवळपास ६,००० जणांची पाहणी केली. मानसिक स्वास्थ्य वाईट असल्याचं सांगणारे त्यात ३० टक्के निघाले. सात वर्षांत ७१ वरून ३० वर आले, म्हणजे सगळे बरे झाले का? अर्थातच नाही. प्रश्न वेगळा, काळ वेगळा, माणसं वेगळी. (नावात 'जनगणना' असली तरी हीसुद्धा स्वेच्छेने भरलेलीच पाहणी आहे.)

मला स्वतःला याच सेन्ससमधले पैशाचे आकडे जास्त बोलके वाटतात. संगीतातून मिळणारं सरासरी वार्षिक उत्पन्न २०,७०० पौंड, आणि ४३ टक्के लोक १४,००० च्याही खाली. थोड्या मोठ्या कमाईवाल्यांनी सरासरी वर ओढली असणार, म्हणून एकटी सरासरी कधीच उचलू नका. आता हे मदतीशी जोडून बघा. मार्च २०२० मध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा याच संस्थेने ५० लाख पौंडांचा निधी काढून प्रत्येकी ५०० पौंड एकरकमी द्यायला सुरुवात केली. सेन्ससच्या सरासरीने हिशोब केला तर ही सुमारे ९ दिवसांची कमाई. १४,००० वाल्यासाठी १३ दिवसांची. त्या आठवड्यात घरभाडं थकलेल्या माणसाला या रकमेचं मोल होतं, ते मी कमी लेखत नाही. पण काम थांबलं ते महिनोन्‌महिने.

अहवालावरचा माझा खरा आक्षेप टक्केवारीपेक्षा इथे आहे. अडचणीचं नाव 'मानसिक आजार' ठेवलं की उत्तर हेल्पलाइन येतं, आणि २०१७ मध्ये 'म्युझिक माइंड्स मॅटर' ही हेल्पलाइन आलीही. ती हवीच होती. मात्र त्याच अडचणीला 'अपुरी बिदागी आणि उद्याच्या कामाची शाश्वती नसणं' म्हटलं, तर प्रश्न कार्यक्रमाचे आयोजक, रेकॉर्ड कंपन्या, स्ट्रीमिंगवाले यांच्या दारात जातो. तिथे मदतनिधीचा हात पोचत नाही. ग्रॉस आणि मस्ग्रेव्ह यांनाही हे दिसलेलं आहे. २०२० मध्ये त्यांनी याच नावाचं पुस्तक काढलं. त्यात मुलाखतींच्या आधारे कामाची अनिश्चितता, ऑनलाइन प्रतिसादावर स्वतःची किंमत ठरणं आणि घरच्या-बाहेरच्या नात्यांवर येणारा ताण, असं सविस्तर मांडलंय. अहवालापेक्षा पुस्तक कितीतरी सरस आहे, मोफत वाचताही येतं. तरी उद्धृत होतो तो अहवालच, कारण त्यात टक्के आहेत!

तुमच्यापैकी कुणी आपल्याकडच्या वृद्ध कलावंत मानधनावर किंवा तमाशा फडांवर काम करणार असाल, तर लाभार्थ्यांची यादी हातात आल्याबरोबर नमुना मिळाला म्हणून खूश होऊ नका. त्या यादीत ज्यांना कागदपत्रं जमवता आली तेच असणार. फडावर आयुष्य गेलं पण पुरावा एकही नाही, अशा माणसापर्यंत कसं पोचणार, ते मेथडॉलॉजीच्या प्रकरणात आधी लिहा आणि प्रश्नावली नंतर छापा.