टिळकांची भक्तिगीते आणि 'स्मृतिचित्रे': एक पुनर्वाचन

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या भक्तिगीतांतील अभंग व भजन ही रूपे म्हणजे ख्रिस्ती आशयाला चढवलेला देशी पोशाख, असे म्हटले जाते. हे विधान अपुरे आहे. इंग्रजी स्तोत्रांच्या चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांशेजारी टिळकांनी अभंग आणला, तेव्हा छंदाबरोबर भक्ताचे देवाशी असलेले नातेही आले. विठ्ठलाला 'माउली' म्हणणाऱ्या परंपरेतूनच त्यांचा ख्रिस्त आई आणि गुरू होतो. तुकारामांचे ऋण टिळकांनी स्वतःच मानले आहे.

मात्र या वात्सल्याची कसोटी घरात लागते. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई व मुलगा सुमारे पाच वर्षे दुरावले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. गीतांतील समर्पणाची किंमत कोणी मोजली, हे गीतांत क्वचितच उमटते. ते 'स्मृतिचित्रे'मध्ये दिसते, आणि तेही, आश्चर्य म्हणजे, विनोदाच्या अंगाने. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनीच रचले. शाळेत न गेलेल्या स्त्रीच्या या काव्यरचनेला केवळ पतिनिष्ठा म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र टिळक कवितेच्या पत्रिकेत, तर लक्ष्मीबाई आत्मचरित्राच्या, असे बहुधा वेगवेगळेच राहतात.