शिवेवरचा वेताळ

ली फॉकच्या 'फँटम'ला इंद्रजाल कॉमिक्सवाल्यांनी 'वेताळ' म्हटलं आणि त्या एका शब्दानं अर्धं काम झालं. आपल्याकडे वेताळ हा भुतांचा राजा खरा, पण तो राखणदारही असतो. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला त्याचा दगड असतो, रात्री तो फेरी मारतो असं मानतात. जांभळ्या कपड्यातला, दोन पिस्तुलं लावलेला हा परदेशी माणूस त्या नावामुळे आम्हा शहाद्याच्या पोरांना कधी परका वाटला नाही.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेनं इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलं, तेव्हा अंक साठ पैशांना मिळे. माझ्या वाट्याला आले ते थोरल्या भावाचे अंक, सुतळीनं बांधलेले आणि कडा कुरतडलेले. मूळ कथेतलं 'बेंगाली' हे जंगल भारतीय अंकांत 'डेंकाली' करून टाकलं होतं. आम्हाला ते तोरणमाळच्या पलीकडेच कुठंतरी असावं असं वाटे.

शाळेत माझ्या बाकावर धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा बसायचा. तो वसतिगृहात राहायचा. एकदा त्यानं अंक उघडला. रानातले लोक कवटीच्या आकाराच्या सिंहासनापुढे उभे आहेत, असं पान होतं. बराच वेळ बघून त्यानं विचारलं, "हा कुठल्या गावचा?" मी म्हटलं, जंगलाचा राजा आहे. तो म्हणाला, "मग हे लोक त्याचं का ऐकतात? त्यांच्यात कोणी नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. वेताळावरचं माझं प्रेम तेव्हा कमी झालं नाही, आजही नाही. पण नवं कॉमिक हातात आलं की पहिला प्रश्न मी त्याचाच विचारतो. हा कुठल्या गावचा?

गेली कित्येक वर्षं बहुतेक अमेरिकी सुपरहीरोंकडे याचं उत्तर नव्हतं. विश्वामागून विश्वं एकमेकांवर आदळत होती, एकेका नायकाचे दहा-दहा अवतार एकाच पानावर गर्दी करत होते आणि मेलेला माणूस सहा महिन्यांत परत येत होता. सगळं जग वाचवायचं म्हटलं की वाचवायला एकही घर उरत नाही. मी सुरतेहून आणलेले असे कितीतरी अंक गाडी नंदुरबारला पोचायच्या आत वाचून संपवले आणि परत कधी उघडले नाहीत.

म्हणून २०२४ च्या शेवटी डीसीनं काढलेली 'अ‍ॅब्सोल्यूट' मालिका मला इतकी मोलाची वाटते. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांच्या बॅटमॅनकडे वाडा नाही, पैसा नाही. बाप शाळामास्तर होता, आई जिवंत आहे आणि हा स्वतः शहराच्या नोकरीतला इंजिनिअर आहे. ड्रॅगोटानं त्याला काढलाय एखाद्या भिंतीसारखा, छातीवरचं वटवाघूळ उपसलं की त्याची कुऱ्हाड होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जे पुढे त्याचे शत्रू म्हणून आपल्याला ठाऊक आहेत ते इथं त्याचे लहानपणचे दोस्त आहेत. त्यामुळे प्रत्येक ठोसा गल्लीतल्या माणसाला लागतो. रक्तपात मात्र काही अंकांत फाजील आहे.

जेसन आरन आणि राफा सँडोव्हल यांचा सुपरमॅन तर मी तीनदा वाचला. क्रिप्टनवर त्याचे आईवडील कष्टकरी वर्गातले, छातीवरची ती प्रसिद्ध खूण त्या वर्गाची. पृथ्वीवर तो पहिल्यांदा दिसतो ब्राझीलच्या खाणीत, मजुरांमध्ये. कोणी म्हणेल ही नवी टूम आहे. तसं नाही. सुपरमॅनचे जनक सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या तिसऱ्याच अंकात सुपरमॅनला खाणकामगाराच्या वेशात धाडलं होतं आणि खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवलं होतं. मधल्या काळात हे विसरलं गेलं. दिवाळीनंतर आमच्याकडचे पाडेच्या पाडे ओस पडतात, माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्या गाड्या भरताना ज्यानं पाहिल्यात, त्याला या सुपरमॅनची ओळख करून द्यावी लागत नाही. पुढे कथानकात मोठमोठे खलनायक दाटी करतात आणि खाण मागे पडते, त्याचं मला वाईट वाटलं.

मार्व्हलकडे जोनाथन हिकमनचा 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' आहे. त्यातला पीटर दोन पोरांचा बाप झाल्यावर स्पायडर-मॅन होतो. संथ आहे, पण जेवणाच्या टेबलावरची पानं मारामारीपेक्षा सरस आहेत.

आपल्याकडे काय? २००४ मध्ये मुंबईचा स्पायडर-मॅन आला, पवित्र प्रभाकर. खेड्यातून शहरात आलेला, धोतर नेसणारा. जीवन कांग यांची चित्रं देखणी होती, पण मुंबई पडद्यासारखी मागे टांगलेली वाटली. त्याच्या २०२३ च्या पाच अंकांतही ती पुढे आली नाही. राज कॉमिक्सचा डोगा मुंबईचा आणि त्यात गटाराची घाण तरी खरी होती. पण तो बोलतो हिंदी. राज कॉमिक्सच्याच नागराजच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची, भोकालची दिलीप कदमांची. हात मराठी, नायक हिंदी, आणि मराठीत त्यांच्या तोडीचं काही उभं राहिलं नाही, हे मला आजही सलतं. इंद्रजाल १९९० मध्ये थांबलं. आता माझ्याकडे येणाऱ्या हिंदी कॉमिक्सच्या पार्सलांत जाड कागदावरची पुनर्मुद्रणंच जास्त असतात. कपाटात ती शोभतात, पण दहा वर्षांच्या पोरानं खिशातल्या पैशात घ्यावीत अशी त्यांची किंमत नसते.

आमच्या मुलखाच्या अगदी जवळ आलेलं पुस्तक सुपरहीरोचं नाहीच. ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ मध्ये निघालं, नर्मदेवरच्या धरणाबद्दल. त्यात मलगू गायन 'रांगाई' वाजवत सृष्टीच्या जन्माची गोष्ट गातो, आणि शहरातला पत्रकार विष्णू ती ऐकायला शिकतो. काळ्या शाईत गायनाची पानं वाहती, चौकटी मोडून जाणारी, आणि शहराची पानं चौकोनात कोंबलेली. गाण्यातही शक्ती असते हे इतकं साधं करून दाखवलेलं मी दुसऱ्या कुठल्या कॉमिकमध्ये पाहिलं नाही.

अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली नर्मदाकाठची गावं सरदार सरोवराच्या पाण्यात गेली, मणिबेली त्यांतलं पहिलं. घरांबरोबर शीवही बुडाली आणि शिवेवरचे दगडही. मला जे मराठी कॉमिक वाचायचं आहे त्याचं पहिलं पान तिथलं आहे. उन्हाळा आहे, पाणी उतरलंय, वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेत. एक बाई होडी वल्हवत मधोमध येते, थांबते आणि खाली पाण्यात बघत पावरी बोलीत कोणाला तरी हाक मारते.