शिवेवरची कादंबरी आणि ‘प्रादेशिक’ नावाची पळवाट

मराठीत सीमाप्रदेशाची कादंबरी लिहिलीच गेली नाही, असा सूर अलीकडच्या साहित्यचर्चेत पुन्हा पुन्हा लागतो आणि पुराव्यादाखल कॉर्मक मॅकार्थीच्या ‘ब्लड मेरिडियन’चे (१९८५) नाव पुढे केले जाते. अमेरिका-मेक्सिकोच्या सरहद्दीवर माणसांच्या टाळूची कातडी विकून पैसे कमावणाऱ्या टोळीची ती कादंबरी थोर आहे, यात वाद नाही. पण तिचे माप लावले की तळकोकण, म्हणजे मालवण-वेंगुर्ल्यापासून तेरेखोलपर्यंतचा मुलूख, एकदम सोवळा ठरतो आणि तिथल्या कादंबरीवर ‘प्रादेशिक’ असा शिक्का मारून समीक्षक हात झटकतात.

शीव म्हणजे केवळ नकाशावरची रेघ नव्हे. जिथे एका गावाचा हक्क संपत आलेला असतो आणि दुसऱ्याचा धड सुरू झालेला नसतो, त्या पट्ट्यालाही शीवच म्हणतात, आणि तिथे देवचार, म्हणजे गावाची राखण करीत फिरणारा अदृश्य रखवालदार, वावरतो अशी या भागाची समजूत आहे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेरेखोल खाडीपलीकडे पोर्तुगिजांचा अंमल होता आणि खाडीच्या अलीकडच्या काठावरचा तेरेखोलचा किल्लाही त्यांच्याच ताब्यात होता. सीमेलासुद्धा इथे सरळ चालणे जमलेले नाही.

ऐतिहासिक कादंबऱ्यांना सीमा दिसते ती तोफा धडाडत असेपर्यंतच. ‘तुंबाडचे खोत’मधली (१९८७) हिंसा जबर असली तरी ती घराण्याच्या मिजाशीची हिंसा आहे.

खरी दखल घ्यावी लागते ती चिं. त्र्यं. खानोलकरांची. ‘कोंडुरा’च्या (१९६६) नायकाला दैवी प्रसाद म्हणून जी मुळी लाभते ती गर्भ पाडणारी असते, तिच्या बदल्यात त्याला ब्रह्मचर्य पाळावे लागते, आणि शेवटी त्या मुळीचा घाव निरपराध बाईवर पडतो. समीक्षेने या सगळ्याला ‘गूढ’ म्हटले, ‘नियती’ म्हटले, आणि कादंबरी धूपदीपासह देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. वास्तविक तिथे प्रश्न आहे तो देऊळ कुणाच्या हातात, जमीन कुणाच्या नावावर आणि बाईच्या कुशीवर हुकूम कुणाचा, हा. ‘चानी’मध्ये तर सीमा देहातच उतरते: गोऱ्या बापाचा वारसा रंगरूपात घेऊन जन्मलेली ही पोर गावाला शिवेवरची परकी वाटते, तिला हुसकावताही येत नाही आणि आपली म्हणवतही नाही, आणि तगून राहणे हाच तिचा गुन्हा ठरतो. बंदूक नसलेल्या या हिंसेला गूढतेची शाल पांघरणे म्हणजे हिंसा करणाऱ्यांना पाठीशी घालणे होय.

घाटावरच्या कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हाही कौतुक झाले ते मुख्यतः भाषेचे. धरणाने उठवलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस रानटी होते आणि तिला आणायला गेलेल्या माणसापुढे शिंगे रोखून उभी राहते. विस्थापनाने माणूस आणि जनावर यांच्यामधली शीवच पुसली, हे या प्रसंगात जितके लख्ख दिसते तितके कुठल्याही अहवालात दिसत नाही. प्रवीण बांदेकरांच्या ‘चाळेगत’ (२००९) या कादंबरीच्या नावातला चाळा म्हणजे झपाटणारे भूत, पण कादंबरीतले तळकोकण झपाटले गेले आहे ते जमिनींचे व्यवहार आणि राजकारण यांनी. आता शिवा देवचार राखत नाही. सातबारा हाती घेतलेला दलाल त्या हलवतो. बांदेकरांनी हे लिहिले तरी चर्चा रंगली ती मालवणी बोलीच्या गोडव्याची, जणू बोली हा कादंबरीवर भुरभुरायचा चवीचा मसाला आहे.

जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे येथील खाणीतले पाणी फुटून चिखल खालच्या घरांत आणि बागायतीत शिरला. त्यात कुणाची टाळू सोलली गेली नाही, म्हणून ही सीमेवरची हिंसा नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी चिखलाखाली गेलेल्या बागेच्या मालकाला तिचे दुसरे नाव सुचवावे.