डायक्स्ट्रा ह्यांचा रूपकविरोध आणि संगणनशास्त्राचे अध्यापन

ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात अध्यापन करीत असता एड्सखर डायक्स्ट्रा ह्यांनी १९८८ साली संगणनशास्त्र खऱ्या अर्थाने शिकविण्यातील क्रूरतेविषयी एक निबंध लिहिला. पुढील वर्षी पार्नास, हॅमिंग, कार्प, विनोग्राड प्रभृतींच्या उत्तरांसह तो प्रसिद्ध झाला. गणिताच्या आग्रहासाठी तो ख्यात आहे. परंतु त्यातील भाषाविषयक भूमिकाही तितक्याच बारकाईने तपासण्याजोगी आहे.

डायक्स्ट्रा ह्यांच्या मते संगणक ही मूलतः अपूर्व वस्तू होय. तिला जुन्या अनुभवातील उपमा लावल्या की आकलन होत नाही, आकलनाचा भास मात्र होतो. म्हणून ‘बग’ न म्हणता ‘चूक’ म्हणावे. किडा बाहेरून शिरतो, चूक कोणीतरी केलेली असते. यंत्राला मनुष्यवत् लेखणारी भाषा वर्गातून हद्दपार करावी. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने प्रोग्रॅम हे एक सूत्र मानावे व ते रचीत असतानाच त्याची सिद्धता द्यावी. त्यासाठी योजावयाची भाषा विद्यापीठातील कोणत्याही यंत्रावर उपलब्ध नसावी, म्हणजे प्रोग्रॅम चालवून पाहण्याचा मोहच उरणार नाही! ही सूचना विक्षिप्त वाटली तरी तर्कशुद्ध आहे. चाचणीने चुकांचे अस्तित्व दाखविता येते, अभाव दाखविता येत नाही, हे त्यांचे जुनेच प्रतिपादन होय.

मराठीपुरते पाहिले तर त्यांच्या आक्षेपाला बळकटीच येते. ‘आज्ञावली’ ह्या आपल्या पारिभाषिक शब्दात आज्ञा देणारा धनी आणि ती पाळणारा सेवक दोघेही गृहीत आहेत. सूत्राला आज्ञाधारक लागत नाही. ज्या दृष्टीपासून विद्यार्थ्याला सोडवावयाचे, तीच आपण पहिल्या तासाला नावासकट त्याच्या हाती देतो.

परंतु शब्द बदलल्याने दृष्टी बदलते, हा डायक्स्ट्रा ह्यांचा विश्वास मात्र भाबडा आहे. ‘बग आला’ ह्याऐवजी विद्यार्थी ‘चूक झाली’ म्हणेल. ह्या वाक्यात रूपक नाही, पण कर्ताही नाही. ‘मी चूक केली’ असे म्हणणारा विरळाच. जबाबदारी येथे शब्दात दडलेली नसून वाक्यरचनेत दडली आहे, आणि वाक्यरचना हद्दपार करता येत नाही.

ह्याहून गंभीर उणीव दुसरी आहे. प्रोग्रॅम विनिर्देशाला धरून आहे काय, आणि तो विनिर्देश आपल्याला हवा तसा आहे काय, हे दोन प्रश्न डायक्स्ट्रा वेगळे करतात व औपचारिक विनिर्देशाची भिंत त्यांच्यामध्ये उभी करतात. भिंतीच्या एका बाजूस गणित. दुसरी बाजू ते इतरांवर सोडून देतात. पण भिंत बांधावयाची कशाने? ‘१८ वर्षांपर्यंतच्या मुलांस सवलत’ एवढे साधे वाक्य घ्यावे. ‘पर्यंत’ मध्ये अठरा धरावयाचे की वगळावयाचे? धरावयाचे तर अठरा पूर्ण झालेला मुलगा एकोणिसावा वाढदिवस होईपर्यंत सवलतीस पात्र, की केवळ त्या एका दिवसापुरता? प्रत्येक अर्थाचा निर्दोष प्रोग्रॅम लिहिता येईल व प्रत्येकाची सिद्धताही देता येईल. तरीही त्यांपैकी एखाद्याने सवलत भलत्याच मुलांना मिळेल. ही निवड करण्याचे शिक्षण डायक्स्ट्रा ह्यांच्या प्रथम वर्षात कोठेही नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या ज्या अभ्यासविषयाची ते टर उडवितात त्यात मात्र, कसेबसे का होईना, ते दिले जाते.